मेचनिकोव्हचं विरजण

श्रीवर्धनला खाडीकाठच्या एका कोळंबी तळ्यावर मागच्या महिन्यात गेलो होतो. मालक बादलीत गूळपाणी आणि जिवाणूंची पूड कालवत होता. रात्रभर आंबलं की ते खाद्याला चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि कोळंबीला घालायचं. मला आईच्या विरजणाची आठवण झाली. आठवण दुसरीही होती. १९९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगानं देशातली तळीच्या तळी बसली, तेव्हा अशा कर्जांच्या फायली माझ्या टेबलावर होत्या. त्यातल्या दोनांवर मंजुरीची सही माझीच होती.

त्या बादलीचं मूळ शोधत गेलं की इल्या मेचनिकोव्ह भेटतो. जन्म १८४५ चा, खारकोव्हजवळचा, आजच्या युक्रेनमधला. शिक्षण प्राणिशास्त्राचं, ओढ समुद्राची, स्वभाव टोकाचा. पहिली बायको १८७३ मध्ये क्षयानं गेली, तेव्हा त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला. पुढे १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिनाला घरची मंडळी सर्कशीला गेली असता हा सूक्ष्मदर्शकाशी बसलेला. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात त्यानं गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! शरीरात शिरलेल्या शत्रूला गिळणारे पहारेकरी त्याला सापडले होते.

१८८८ पासून तो पॅरिसला, पाश्चरच्या संस्थेत. त्याचाच ओडेसातला विद्यार्थी हाफकिन १८९६ मध्ये प्लेगच्या मुंबईत आला. परळची संस्था आज त्याच्या नावानं ओळखली जाते. गुरूला १९०८ चं नोबेल एर्लिशबरोबर विभागून मिळालं.

तोवर गुरुजींना दह्याचा नाद लागला होता. आतड्यातले कुजवणारे जंतू म्हातारपण आणतात, बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात, असं तो मांडू लागला. स्वतः रोज ते दूध प्यायचा. १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, हृदयविकारानं गेला. शंभरी काही गाठली नाही. ते बल्गेरियन जंतू आपल्या आतड्यात मुक्काम करत नाहीत, हेही नंतर कळलं.

पण चांगल्या जंतूंनी जागा धरली तर वाईटांना ती उरत नाही, हा त्याचा विचार टिकला. वाढीसाठी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविकं घालण्यावर युरोपीय संघानं २००६ मध्ये बंदी आणली, तेव्हा त्याला अधिकच मोल आलं. कोळंबीला तर आपल्यासारखी प्रतिपिंडं नसतातच. तिची मदार मेचनिकोव्हनं तारामाशात पाहिल्या तशाच भटक्या पेशींवर. त्यातून बादलीतले जिवाणू तळाची घाणही खातात.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मात्र विषाणूचा. त्यावर आजही औषध नाही, दहीही नाही. आज कर्ज दिलं असतं का, असं मालकानं हसत विचारलं. बीज विषाणूची तपासणी करून आणलंय का, तेवढंच मी विचारलं. तो कागद आणायला आत गेला.