सुटलेला अभ्यास पुन्हा हाती घेणारे बद्रुद्दीन तय्यबजी

१८६४ साल सरत आले होते. लंडनहून मुंबईला परत निघालेल्या वीस वर्षांच्या एका तरुणाच्या हाती ना पदवी होती, ना वकिलीची सनद. चार वर्षे परदेशात काढून तो रिकाम्या हातांनी घरी येत होता. कारण आळस नव्हते, पैशांची चणचणही नव्हती. डोळे साथ देत नव्हते. ज्याला आयुष्यभर कायद्याची जाडजूड पुस्तके वाचायची आहेत, त्याचीच नजर अधू होत चालली होती.

हा तरुण म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजी. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष झालेले. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते आणि त्या ओळीत हा परतीचा प्रवास नसतो. मला मात्र त्यांच्या चरित्रात हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. त्याचे कारण आपल्या आसपासच आहे. यंदाच्यासारखा रमजान परीक्षांच्या दिवसांत आला की मुकुटबनच्या घराघरांत सहेरीनंतर पुस्तक उघडून बसलेली मुले दिसतात. एखादा पेपर वाईट गेला, गणित किंवा इंग्रजी राहिले, की त्यांतलीच काही मुले पुस्तक कायमचे मिटतात. आपल्याने होत नाही, एवढे एकच वाक्य. मग वणीचे कॉलेज राहते बाजूला आणि पोरगा खाणीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. कष्टाच्या कामात कमीपणा काहीच नाही, पण ते काम आवडीने पत्करलेले नसते, घाबरून पत्करलेले असते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईचा. घराणे सुलेमानी बोहरा, मूळ खंबायतचे. वडील तय्यबअली भाईमियाँ व्यापारात स्वतःच्या मेहनतीने वर आलेले. इंग्रजी तालमीकडे त्या काळचे बरेच मुसलमान संशयाने पाहत असताना या गृहस्थांनी मुलांना परदेशी धाडायचे ठरवले, ही साधी गोष्ट नव्हती. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये गेले आणि १८६० मध्ये सोळाव्या वर्षी लंडनला पोहोचले. तेव्हा सुएझचा कालवा खुला व्हायला नऊ वर्षे बाकी होती. इजिप्तपर्यंत बोट, तिथून जमिनीवरून भूमध्य समुद्राचा किनारा आणि पुढे पुन्हा बोट असा तो प्रवास. भाषा परकी, हवा परकी, ताटातले अन्न परके. सोळा वर्षांच्या पोराला भीती वाटली नसेल तरच नवल.

तरी त्यांनी शाळा पुरी केली आणि १८६३ मध्ये लंडन विद्यापीठ व मिडल टेंपल या दोन्ही ठिकाणी नाव नोंदवले. मिडल टेंपल ही बॅरिस्टर घडवणारी जुनी संस्था. गाडी रुळावर आली असे वाटत असतानाच डोळ्यांनी दगा दिला.

मुंबईत ते जवळपास वर्षभर राहिले. या मुक्कामात त्यांचे लग्नही झाले. पत्नीचे नाव राहत-उन-नफ्स. आता घर होते, वडिलांचा व्यापार होता, भाऊ पाठीशी होते. डोळ्यांचे कारण पुढे करून ते पेढीवर बसले असते तर कोणी बोल लावला नसता. उलट समजूतदार म्हणून कौतुकच झाले असते. १८६५ च्या अखेरीस ते पुन्हा बोटीत चढले. डोळे काही नवे झालेले नव्हते. अपुऱ्या नजरेनिशी जेवढे जमेल तेवढे करायचे, एवढाच हिशेब असावा. एप्रिल १८६७ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात ग्रोथ माइंडसेट हा शब्द ऐकू येतो. अर्थ सोपा आहे. अक्कल ही जन्मतः मोजून मिळालेली वस्तू नाही, ती वापराने वाढते, आणि आज जमले नाही म्हणजे कधीच जमणार नाही असे नव्हे. शब्द नवा असला तरी वागणूक जुनीच आहे.

सनद मिळाली म्हणून भीती संपली असे मात्र झाले नाही. मुंबईत वकिली सुरू करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. उच्च न्यायालय स्थापन होऊन पाच वर्षेच झाली होती. समोरचे बॅरिस्टर इंग्रज, वरचे न्यायाधीश इंग्रज, कामकाज इंग्रजीत. तिथल्या रीतीप्रमाणे पक्षकार थेट बॅरिस्टरकडे येत नसे. मधला सॉलिसिटर ज्याला खटला देईल त्यालाच काम मिळे. एका काळ्या माणसाच्या हाती आपला खटला द्यावा की नाही, ही शंका इंग्रज सॉलिसिटरांना होती तशीच देशी व्यापाऱ्यांनाही होती. आपल्याच लोकांचा अविश्वास जास्त बोचतो. सुदैवाने थोरले बंधू कमरुद्दीन स्वतः सॉलिसिटर होते, त्यांचा मोठा आधार झाला. पण भाऊ खटला आणून देऊ शकतो, उभे राहून बोलणे ज्याचे त्यालाच करावे लागते. पुढच्या काही वर्षांत उलटतपासणीत आणि युक्तिवादात त्यांचे नाव झाले.

१८७३ मध्ये ते मुंबई महापालिकेत गेले. १८७४ मध्ये कमरुद्दीन आणि इतर मंडळींसोबत त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था उभी केली. राजकीय व्यासपीठावर आल्यावर फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी अशी त्रयी मुंबईभर गाजली. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८२ मध्ये मुंबई कायदेमंडळावर नेमणूक झाली आणि १८८६ मध्ये ती प्रकृतीमुळे सोडावी लागली. शरीराने पुन्हा एकदा दगा दिला होता. त्यानंतर पुढच्याच वर्षी, १८८७ च्या डिसेंबरात, मद्रासच्या तिसऱ्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते.

तिथे वेगळीच कसोटी लागली. सर सय्यद अहमद खान यांच्यासारखा वडीलधारा माणूस मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहायला सांगत होता. आपल्या कौमचे बहुसंख्य लोक आपल्यामागे नाहीत, हे तय्यबजींना दिसत होते. १८८८ मध्ये त्यांनी ह्यूम यांना पत्र लिहून काँग्रेस निदान पाच वर्षे तहकूब ठेवावी असे सुचवले. काही चरित्रकार हा प्रसंग घाईने उरकतात. मला तो लपवण्यासारखा वाटत नाही. संशय आला तेव्हा त्यांनी तो उघड मांडला, दार आपटून निघून गेले नाहीत. काँग्रेस तहकूब झाली नाही. पण ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असेल तो चर्चेला घेऊ नये, असा ठराव त्याच वर्षी अलाहाबादच्या अधिवेशनात झाला. त्यामागे तय्यबजींचाच आग्रह होता.

१८९५ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि दोन वर्षांनी महाराष्ट्राने कायम लक्षात ठेवावा असा प्रसंग आला. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. केसरीतील लिखाणावरून लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनीही नाकारला. ऑगस्टमध्ये दिनशा दावर यांनी तोच अर्ज तय्यबजींसमोर पुन्हा मांडला. सरकार संतापलेले, इंग्रजी वृत्तपत्रे खवळलेली, सहकारी न्यायाधीशांचा निकाल विरुद्ध. काँग्रेसचा माजी अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर आधीच नजर होती. नाही म्हणणे अगदी सोपे होते. तय्यबजींनी कायद्याचा साधा मुद्दा धरला: जामिनाचा हेतू आरोपीने खटल्याला हजर राहावे एवढाच, आणि टिळकांसारखा माणूस पळून जाणार नाही. आत ठेवले तर त्यांना बचावाची तयारी नीट करता येणार नाही. जामीन मंजूर झाला. पुढे सप्टेंबरात दुसऱ्या न्यायाधीशापुढे टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, तो भाग वेगळा. आणि जामिनासाठी झगडलेले तेच दावर १९०८ मध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसले, तेव्हा त्यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्यावर धाडले. खुर्ची बदलली की माणसे कशी बदलतात, हे वाचकांनी आपापल्या अनुभवाशी ताडून पाहावे.

१९०२ मध्ये काही काळ मुंबईचे मुख्य न्यायाधीशपद त्यांनी हंगामी सांभाळले. त्या जागेवर बसलेले ते पहिले हिंदी. घरातही ते चारचौघांपेक्षा पुढे होते. मुलींना त्यांनी मुंबईत शाळेत घातले, आणि १९०४ मध्ये दोघींना शिकायला इंग्लंडला पाठवले. त्या काळी मुलींच्या तालमीवरून बोलणी खावी लागत, ती त्यांनी खाल्ली.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनलाच हृदयविकाराने त्यांचा इंतकाल झाला. ज्या शहरातून वीस वर्षांचे असताना ते अभ्यास अर्धवट टाकून निघाले होते, तेच हे शहर. अंजुमनची शाळा १८८० पासून भरत होती. मुकुटबनहून कोणी मुंबईला गेले आणि सीएसएमटी स्थानकातून बाहेर पडले, तर समोरच तिची दगडी इमारत दिसते. मुले तिथे अजून शिकताहेत.