लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगराचा खप

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव आज मोठ्या कारखानदारीशी जोडले जाते. परंतु त्यांच्या आयुष्यातील खरा उद्बोधक भाग आहे तो धंदा अगदी लहान असतानाचा.

त्यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तेथे त्यांना रंगांधत्व असल्याचे उघड झाले. (कला शाखेच्या वाचकांनी नोंद घ्यावी, कारखानदारीचा हा अध्वर्यू मुळात आपल्याच पंगतीतला!) मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. हक्काची बढती डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. बेळगावात बंधू रामुअण्णांबरोबर चालविलेले सायकलींचे दुकान होते, म्हणूनच हे धाडस परवडले.

दुसऱ्याचा माल विकण्यात त्यांचे मन रमेना. प्रथम कडबा कापण्याची यंत्रे केली, पुढे लोखंडी नांगर. माल उत्तम होता, पण गिऱ्हाईक फिरकेना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिले नांगर विकले जाण्यास दोनएक वर्षे लागली. नांगर घडविण्यापेक्षा शेतकऱ्याचे मन वळविणे अवघड ठरले. या काळात केवळ नांगरावर विसंबले असते तर दुकानाला कुलूप लागले असते, असे मला वाटते.

खप सुरू होतो न होतो तोच नवे संकट आले. नवे उपनगर वसविण्यासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. लक्ष्मणराव त्या वेळी औंधला देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये कर्जही दिले. भांडवल तर मिळालेच, शिवाय कच्चे लोखंड आणण्यास आणि नांगर पाठविण्यास दाराशी आगगाडी आली. माळ मात्र निवडुंग आणि सापांचा! १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसू लागली. यंत्रांत तरबेज शंभुराव जांभेकर, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे असे सोबती मिळाले आणि वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनी पाहिली. लक्ष्मणरावांचे निम्मे यश या माणसांत होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला. देशी नांगराला मागणी वाढली, पण कोळसा आणि लोखंडही दुर्मिळ झाले. त्यातूनही कारखाना तगला. १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव, म्हणजे पुढे ख्यातनाम झालेले संपादक शंवाकि, यांनी गिऱ्हाइकांपर्यंत कारखान्याची वार्ता नेणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. नांगराच्या जाहिरातीतून निघालेले हे पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत वाचले गेले. लक्ष्मणराव १९५६ साली निवर्तले, तोवर वाडीत नांगरांच्या जोडीला पंपही तयार होऊ लागले होते.