आपल्या परळचे हाफकिन



नववीतली परळची सहल बहुतेकांना आठवत असेल. हाफकिन संस्थेत आपल्याला सापाचे विष कसे काढतात ते दाखवले होते. काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पडद्यात नागाने दात रोवले, तेव्हा एरवी एक मिनिट गप्प न बसणारी आपली तुकडी श्वास रोखून उभी होती. परतीच्या बसमध्ये कोणीतरी विचारले, हाफकिन म्हणजे काय? एक म्हणाला, सापाच्या औषधाचे नाव. दुसरा म्हणाला, कोणीतरी इंग्रज गव्हर्नर असणार. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, शोधून काढा आणि मला सांगा. आपल्यापैकी कोणीही ते केले नाही.

पुढे मी प्रयोगशाळेतच नोकरीला लागलो आणि उत्तर हाती आले. बाई, गृहपाठ फारच उशिरा सादर करतो आहे, पण पूर्ण करून आणला आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथल्या विद्यापीठात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकोव्ह. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात हे दाखवून पुढे नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. हाफकिन त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकले. ते डॉक्टर नव्हते, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती त्यांना नडली.

विद्यार्थिदशेतच झारशाहीविरुद्धच्या चळवळीशी त्यांचा संबंध आला. ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा ते स्वसंरक्षण दलात उभे राहिले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटले. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातली साधी नोकरी पत्करली. १८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले. मेचनिकोव्ह तोवर पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होते. गुरूच्या मागोमाग शिष्यही तिथे पोचला, पण रिकामी जागा होती ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची. हाफकिन दिवसा पुस्तके लावत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करत.

त्या काळी कॉलऱ्याच्या साथी एका देशातून दुसऱ्या देशात फिरत होत्या. कॉलऱ्याचा जंतू गिनीपिगच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेला की तो अधिक जहाल होतो आणि उष्ण हवेत वाढवला की मवाळ होतो, हे हाफकिन यांनी पाहिले. आधी मवाळ जंतूंची आणि काही दिवसांनी जहाल जंतूंची अशा दोन सुया टोचल्या, तर प्राणी कॉलऱ्यापासून वाचत. माणसाचे काय? १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले आणि काही दिवसांत उतार पडला. मग तीन रशियन मित्र पुढे आले. तेही सुखरूप राहिले.

लस खरोखर काम करते का, हे साथीच्या मुलखातच कळणार होते. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मध्यस्थीने हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यात उतरले. पुढची दोनेक वर्षे ते उत्तर भारतभर फिरले आणि ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. कलकत्त्याच्या बस्त्यांत काही ठिकाणी त्यांच्यावर दगडही पडले. एकाच बस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्यांपैकी कोणी लस घेतली आणि कोणी नाही, याची ते बारकाईने नोंद ठेवत. या धावपळीत मलेरियाने त्यांना गाठले आणि १८९५ मध्ये विश्रांतीसाठी युरोपला परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा भारतात आले.

इथून पुढची कथा आपल्या मुंबईची आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराजवळच्या वस्तीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला प्लेगचा रोगी ओळखला. काखेत आणि जांघेत गाठी, कडक ताप, आणि बहुतेकांना मृत्यू. लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. सरकारी पथके घरात घुसून रोगी शोधू लागली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही अशी लोकांची खात्री झाली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. पुढे पुण्यात या सक्तीचा कसा भडका उडाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी कशी झाडली गेली, ते आपण इतिहासाच्या तासाला शिकलो आहोत. त्याच साथीत प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

ऑक्टोबर १८९६ च्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक लहान खोली आणि व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचा जंतू हाँगकाँगला सापडून जेमतेम दोन वर्षे झाली होती. हा जंतू मोठ्या प्रमाणात वाढवायचा कसा, हा प्रश्न होता. हाफकिन यांनी मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. जंतू तुपाच्या थेंबांना धरून वाढू लागले आणि गुहेच्या छतावरून चुन्याचे लोलक लोंबतात तसे त्यांचे धागे रश्श्यात खाली लोंबू लागले. बाटली हलवली की धागे तुटून तळाशी बसत आणि वर नवे फुटत. काही आठवड्यांनी हा सगळा रस्सा तासभर तापवून जंतू मारायचे आणि मेलेले जंतू टोचायचे. मृत जंतूसुद्धा शरीराला प्रतिकार शिकवतात, यावर त्यांचा भरवसा होता.

या कामाचा ताण असा होता की मदतनिसांपैकी एक जण आजारी पडला आणि दोघे सोडून गेले. तरीही तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना देण्यात आली त्याच्या कितीतरी पट मात्रेत. ताप चढला, पण काम थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैदी स्वखुशीने लस घ्यायला तयार झाले, बाकीच्यांनी घेतली नाही. एकच इमारत, एकच अन्न, एकच दिनक्रम. लस न घेतलेल्यांमध्ये रोगी आणि मृत्यू जास्त झाले, घेतलेल्यांमध्ये फार कमी.

त्यानंतरचा बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावचा प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. १८९८ मध्ये तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही, म्हणजे एकाच छपराखालची तुलना मिळावी. प्लेग ओसरला तेव्हा लस न घेतलेल्यांपैकी २६ जण गेले होते, घेतलेल्यांपैकी ३. आज असा प्रयोग करायला कोणतीही नीतिसमिती सहज परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या काळी शंकेखोरांना उत्तर देणारा पुरावा याच पद्धतीने उभा राहिला.

लोकांची भीती घालवायला तरुण आगाखान पुढे आले. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. खोजा समाजातल्या हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी तिथे राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच वास्तूत कॉलऱ्याने वारली आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलला हलला. कॉलऱ्याने रिकामे केलेले घर कॉलऱ्याची लस शोधणाऱ्या माणसाला मिळाले, हा योगायोगच. आपण नाग पाहिला तो याच आवारात.

आता गोष्टीचा दुसरा भाग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यांतल्या ५३-एन क्रमांकाच्या बाटलीतली लस १९ जणांना दिली होती. आठवडाभराने त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. इतर चार बाटल्यांतली लस घेतलेल्या कोणालाही काही झाले नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. हाफकिन यांनी मोठी मागणी पुरी करण्यासाठी लस बनवण्याची पद्धत थोडी बदलली होती आणि कार्बॉलिक अॅसिड घालणे बंद करून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर दिला होता. पॅरिसला ही पद्धत रुळलेली होती. आयोगाने मात्र त्यावर बोट ठेवले आणि धनुर्वाताचे जंतू बाटलीत परळलाच शिरले असावेत, असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना पगाराविना रजेवर पाठवण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, इंग्रज नव्हते, त्यात ज्यू. लष्करी डॉक्टरांच्या वर्तुळात त्यांच्याबद्दल आधीपासून नाराजी होती. तिला आता निमित्त मिळाले.

पण पुरावा काय सांगत होता? बाटली भरली गेली होती १९ सप्टेंबरला, म्हणजे टोचण्याच्या ४१ दिवस आधी. धनुर्वाताचे जंतू इतके दिवस बंद बाटलीत राहिले असते, तर भरपूर वाढले असते आणि त्यांची दुर्गंधी आली असती. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. शिवाय बाटलीत विष आधीच तयार असते, तर रोग लवकर उठला असता. आठवडाभर लागला, याचा अर्थ थोडेसे जंतू नुकतेच शिरले होते. आणि त्या दिवशी बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता नुसता औषधी पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला. ही नोंद आयोगाच्या कागदपत्रांतच होती.

कागदपत्रे लोकांसमोर यायला चार वर्षे गेली. १९०७ मध्ये मलेरिया आणि डास यांचा संबंध उलगडणारे रोनाल्ड रॉस यांनी लंडनच्या टाइम्समधून हा विषय लावून धरला. जुलैत त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले आणि पुन्हा भारतात आले. पण परळची खुर्ची तोवर दुसऱ्याला दिली गेली होती. त्यांची नेमणूक कलकत्त्याला झाली आणि लशींच्या कामाला तिथे फारसा वाव नव्हता. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. हाफकिन यांनी लग्न केले नाही. उतारवयात त्यांनी स्वतःला धर्मकार्याला आणि ज्यू मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले, आपली बचतही त्यासाठीच ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे ते वारले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आपल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असत. आपण सगळे पुस्तकातून अनुमान आधी उतरवून घ्यायचो आणि मग त्याला जुळेल असे निरीक्षण लिहायचो. बाईंना ते लगेच कळे. आकडे कितीही बरोबर असले तरी पानावर लाल रेघ मारून त्या वही परत देत. तेव्हा राग यायचा.

मुलकोवालच्या आयोगानेही असेच केले, अनुमान आधी लिहिले. त्यात एका माणसाची कामाची उमेदीची वर्षे गेली, आणि ज्या १९ घरांतली माणसे गेली त्यांना खरे कारणही वेळेवर कळले नाही. लशीवरचा विश्वास डळमळला तो वेगळाच.

माझ्याही नोकरीत एकदा चुकीचा अहवाल बाहेर गेला होता. सगळ्यांनी एका नव्या मुलीकडे बोट दाखवले, मीही दाखवणारच होतो. मग बाईंची लाल रेघ आठवली. आम्ही नोंदवही काढून नमुना आल्यापासूनची एकेक पायरी तपासली. चूक तिची नव्हती, नळीवर चिठ्ठी चिकटवतानाच झाली होती, आणि ती चिठ्ठी माझ्या हाताखालून गेली होती. ती मुलगी आज एक मोठी प्रयोगशाळा सांभाळते.

बाई, हाफकिन म्हणजे काय या प्रश्नाचे हे उत्तर. निरीक्षण आधी लिहिले आहे, अनुमान नंतर. तपासून द्यावे.