जळालेली पत्रे, जपलेली पत्रे

डिकन्सची कादंबरी अभ्यासाला होती; मी मात्र त्याच्या गुप्त जीवनावरील चरित्रांतच रमलो. १८५७ मध्ये तरुण नटी एलेन टर्नन त्याच्या आयुष्यात आली. पुढल्याच वर्षी, दहा मुले झाल्यावर, तो पत्नी कॅथरीनपासून विभक्त झाला. १८६० मध्ये त्याने आपल्याला आलेली पत्रे जाळली. त्या राखेवर चरित्रकारांनी तर्काचे इमले रचले. एलेनला मूल झाले, असेही लिहिले. निर्णायक पुरावा नाही.

कॅथरीनने मात्र त्याची पत्रे जपली. १८७९ मध्ये मृत्युशय्येवर ती लेकीच्या हाती देऊन तिने ब्रिटिश म्युझियमला द्यायला सांगितली. त्याचे आपल्यावर एकेकाळी प्रेम होते, हे जगाला कळावे, एवढीच तिची इच्छा. रहस्य शोधायला निघालेला मी तिथे खजील होऊन थांबलो.