ऐकलं आणि केलं : ना. वा. टिळक

आजचं वाचन : मत्तय ७:२४-२७



एकाने खडकावर घर बांधलं, दुसऱ्याने वाळूवर. हा दाखला आपल्याला संडेस्कूलपासून पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट नजरेतून निसटते. मूर्ख मनुष्यानेही प्रभूची वचनं ऐकलीच होती! दोघांनी ऐकलं तेच, पाऊस-पूर-वाराही तोच. फरक इतकाच की सुज्ञ माणसाने ऐकलेलं केलं. २०१९ चा कृष्णेचा पूर ज्यांनी कराड-सांगलीत पाहिलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात सगळीच घरं पक्की दिसतात.

डोंगरावरील प्रवचन या दाखल्याने संपतं, आणि याच प्रवचनाने नारायण वामन टिळकांना धरून ठेवलं.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात, ब्राह्मण घरात झाला. नाशिकला संस्कृत शिकले. कविता, वक्तृत्व, दोन्हीत पुढे. हुशारी भरपूर, पण मनाला स्वस्थता नाही. नोकऱ्या बदलल्या, गावं बदलली. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा रंगल्या. निरोप घेताना त्यांनी टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. हा अभ्यासलात तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही सांगितलं. त्या गृहस्थांचं नाव टिळकांना कधीच कळलं नाही. वाचण्याचा शब्द दिला होता म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं, आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायाला पोहोचल्यावर ते खाली ठेववेना.

खरं तर तिथेच थांबता आलं असतं. प्रवचन आवडलं, त्यावर छानशी कविता केली, विषय संपला. मनातल्या मनात ख्रिस्ताला मानायला काही खर्च नव्हता. पण टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत उघडपणे बाप्तिस्मा घेतला.

पूर लगेच आला. नातलग तुटले. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. चार-पाच वर्षांचा विरह. त्याची झळ टिळकांपेक्षाही लक्ष्मीबाईंना जास्त बसली, हे विसरून चालणार नाही. शहाणपणाचा निर्णय घेतला की सगळं सुरळीत होतं, असं शास्त्र कुठेच सांगत नाही. खडकावरच्या घरालाही पूर लागतोच. पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परतल्या, तेव्हासुद्धा सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं पाळलं. मग हळूहळू जातिभेदाची गाठ त्यांची त्यांनीच सोडवली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. ते घर पुन्हा उभं राहिलं, आणि कसं! त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त तो संसार आजही वाचता येतो.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कामात रमले. शिकवलं, 'ज्ञानोदय'साठी लिहिलं, अभंग-भजनांतून ख्रिस्ताला मराठी मनाच्या जवळ आणलं. आपण रविवारी मंडळीत गातो त्यातली कितीतरी गीतं त्यांचीच. मान होता, दरमहा पगार होता. वय पंचावन्नच्या आसपास. आता जपून राहायचे दिवस, असं कुणीही म्हटलं असतं.

आणि १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला! 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तामागे चालू पाहणारे सगळे एकत्र, ही त्यामागची कल्पना. त्या काळात ते आपल्या साताऱ्यात येऊन राहिले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबाराला दोन वर्षंसुद्धा धड मिळाली नाहीत. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अर्धवट राहिलं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, म्हणजे एकेकाळी ज्यांनी पाठ फिरवली होती त्यांनीच.

जगाच्या हिशेबात १८९५ चा निर्णयही वेडेपणा आणि १९१७ चाही. आपला हिशेब काय सांगतो? आपण लोकलमध्ये, बसमध्ये कानाला हेडफोन लावून संदेश ऐकतो. वचन स्टेटसला ठेवतो. ऐकण्यात आपण कुठेच कमी नाही. पण प्रभूने त्याच प्रवचनात सांगितलंय, भावाशी समेट कर, मग अर्पण आण. तो फोन अजून राहिलाय ना? उद्याची चिंता करू नको, हे तर तोंडपाठ, आणि रात्री दोन वाजता डोळे उघडे.

सगळं प्रवचन एका दिवसात जगता येणार नाही. टिळकांनाही ऐकण्यापासून करण्यापर्यंत यायला दोन वर्षं लागलीच की. आज मत्तय ५ ते ७ मधलं एकच वचन निवडा, जे तुम्हाला माहीत आहे पण केलेलं नाही. झोपण्याआधी ते करा.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझं वचन आम्ही खूप ऐकलंय. आज त्यातलं एक तरी आमच्या हातून घडू दे. पूर येईल तेव्हा आमचं घर तुझ्यावर उभं असू दे. आमेन.