वजन उरलं होतं ८८ पौंड! गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जायला सांगितलं आणि विनोबांनी हातात कुदळ घेतली

मोठ्या आजारातून उठणाऱ्या माणसाला खरा त्रास कधी होतो? उपचार चालू असताना तर होतोच, पण त्यानंतरही होतो. घरी आल्यावर जिन्याच्या चार पायऱ्या चढून धाप लागते आणि आपण पूर्वीसारखे होणार तरी का, अशी शंका येते. खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं अ‍ॅक्ट्रेक आहे. त्यामुळे आजाराशी झुंजून पुन्हा पायावर उभी राहणारी माणसं या गावाला नवीन नाहीत.

याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला लागून असलेल्या पेण तालुक्यातल्या गागोदे गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे यांचा जन्म झाला. आपण त्यांना विनोबा म्हणून ओळखतो. भूदानासाठी देशभर चाललेले विनोबा सगळ्यांना माहीत असतात. मात्र चाळिशी ओलांडल्यावर हाच माणूस इतका खंगला होता, की भोवतालच्या लोकांना त्यांची काळजी वाटू लागली होती.

नेमकं काय झालं होतं?

विनोबा तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीला राहत होते. दिवसाचे आठ-आठ तास सूत कातायचं आणि त्या मजुरीत जेवढं अन्न येईल तेवढ्यावरच जगायचं, असा त्यांचा प्रयोग चालू होता. सूत कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तीच आपल्याला, हा हट्ट. विचार मोठा होता, पण शरीर हिशोब ठेवत होतं. १९३८ साली त्यांचं वजन ८८ पौंडांवर आलं, म्हणजे जेमतेम ४० किलो.

ही बातमी सेवाग्रामला गांधीजींपर्यंत पोहोचली. त्यांनी विनोबांना बोलावून घेतलं आणि एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन तब्येत सुधारायला सांगितलं. विनोबांनी बरं व्हायचं कबूल केलं, पण जागा स्वतः निवडली. वर्ध्यापासून जवळच पवनारला, धाम नदीच्या पलीकडे जमनालाल बजाज यांचा एक बंगला रिकामा होता. तिकडे जायचं ठरलं.

मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा विनोबांनी मनाशी तीन वेळा म्हटलं, की सगळं सोडलं. आश्रमाची कामं, संस्थांच्या चिंता, कोण काय करतंय याचा विचार, सगळं पुलाच्या अलीकडे राहिलं. आजारी माणसाला 'टेन्शन घेऊ नका' असं सगळेच सांगतात. कशाचं टेन्शन कुठे ठेवायचं, हे मात्र कोणी सांगत नाही! विनोबांनी त्यासाठी एक पूल शोधला.

मग सुरू झालं खणणं. ताकद नसलेल्या माणसाने कुदळ उचलायची, हे ऐकायला वेडेपणाच वाटतं. पण त्यात मोजमाप होतं. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. पुढे रोज थोडी थोडी वाढ. दमायच्या आधीच काही क्षण थांबायचं, श्वास घ्यायचा आणि पुन्हा एक घाव. कालच्यापेक्षा आज किंचित जास्त, एवढंच उद्दिष्ट. बाकी वेळ शेतात फिरणं आणि विश्रांती. सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. पूर्ण ४० पौंडांची वाढ!

याच खणण्यात एके दिवशी कुदळ दगडावर आदळली. माती बाजूला केली तर खाली राम-भरत भेटीचं जुनं शिल्प निघालं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं देताना विनोबांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना बोलून दाखवली होती. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली होती. सहा वर्षांनी तेच दृश्य मातीतून वर आलं. विनोबांनी तो ईश्वराचा प्रसाद मानला. योगायोग म्हणा किंवा आणखी काही, पण ताकद यावी म्हणून खणणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांनाच निवडलं. सत्याग्रह सुरू झाला तो पवनारहूनच.

१८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, तेव्हा विनोबा ५५ वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षं ते चालत राहिले आणि चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात मिळाली. वाटेत डिसेंबर १९५२ मध्ये तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल इथे मलेरियाने गाठलं. ताप जीवघेणा होता. विनोबा औषध घ्यायला तयार नव्हते. इथे त्यांचा निश्चय आणि हट्ट यातली रेघ पुसट झाली होती, असं म्हणावं लागेल. नेत्यांनी, सहकाऱ्यांनी विनवण्या केल्या, तेव्हा कुठे त्यांनी औषध घेतलं. ताप उतरला आणि काही महिन्यांत पदयात्रा पुन्हा सुरू झाली.

१५ नोव्हेंबर १९८२ ला विनोबांनी पवनारलाच देह ठेवला. खणताना सापडलेलं राम-भरत भेटीचं ते शिल्प आजही धाम नदीकाठच्या आश्रमात आहे.