पाटीलबावांचे मूळ गाव

लग्नाची बोलणी सुरू झाली की गोत्र आणि कुलदैवत यांच्यामागोमाग मूळ गावाची विचारपूस होते. आमच्यापैकी पुष्कळ घराण्यांस दक्षिण सोडून दीडदोनशे वर्षे उलटून गेली. तरीही या प्रश्नास उत्तर देताना कोणी ग्वाल्हेर, उज्जयिनी किंवा इंदूर यांचे नाव घेत नाही. साताऱ्याकडचे, नगरकडचे अथवा कोकणातले एखादे लहानसे गाव सांगितले जाते. सांगणाऱ्याने ते गाव बहुधा पाहिलेलेही नसते. हा केवळ रिवाज आहे की त्यामागे काही सत्य आहे, असा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस एका थोर पुरुषाच्या चरित्राची आठवण होते. ते पुरुष म्हणजे महादजी शिंदे. दिल्लीच्या बादशाहीची सूत्रे हाती आल्यावरही त्यांनी स्वतःस एका खेड्याचा पाटील म्हणवून घेण्यातच भूषण मानले.

शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड. ते सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या बाजूस आहे. तेथील पाटीलकी या घराण्याकडे होती. महादजींचे वडील राणोजी यांनी थोरल्या बाजीरावांच्या पदरी अगदी साध्या चाकरीपासून आरंभ केला. बाजीरावांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते, व एकदा झोप लागली असताही ते जोडे त्यांनी छातीशी घट्ट धरून ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. पुढे पराक्रमाने ते सरदार झाले. माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला तेव्हा उज्जयिनी हे त्यांचे मुख्य ठाणे झाले, आणि 1745 मध्ये शुजालपूर येथे त्यांनी देह ठेवला. मुक्काम असा माळव्यात पडला, तरी मन दक्षिणेतच राहिले होते. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर कुलस्वामी जोतिबाचे आज जे मंदिर आहे ते राणोजींनी 1730 मध्ये बांधविले. आपल्या एका पुत्राचे नावही त्यांनी जोतिबा असेच ठेविले.

महादजींचा जन्म 1730 च्या सुमाराचा. पाच भावांत ते धाकटे. या घराण्याने उत्तरेत काय वेचले याचा हिशेब मांडू लागलो तर मन विषण्ण होते. जोतिबा बुंदेलखंडात ओर्छ्याकडे पडले. जयाप्पा 1755 मध्ये नागोर येथे मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर पडले. तुकोजी आणि जयाप्पांचे तरुण पुत्र जनकोजी यांस 14 जानेवारी 1761 च्या पानिपताने ओढून नेले. त्याच रणातून महादजी पायास जबर जखम घेऊन निघाले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांना आपल्या बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप पोहोचविले म्हणून ते वाचले. त्या भिस्त्यास महादजींनी पुढे भाऊ मानले आणि मोठ्या योग्यतेस चढविले. पाय मात्र जन्माचा अधू झाला.

ज्या भूमीने चार भाऊ आणि एक पुतण्या गिळला त्या भूमीकडे मनुष्याने पुन्हा पाहू नये, असे कोणासही वाटेल. महादजी पुन्हा गेले. 1771 मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढील वर्षाच्या आरंभी शाहआलम बादशहा आपल्या राजधानीत परत आला. मध्यंतरी इंग्रजांशी युद्ध झाले. 1779 मध्ये वडगाव येथे इंग्रजांस शरण आणण्यात महादजींचा मोठा भाग होता, आणि 1782 चा सालबाईचा तहही त्यांच्याच मध्यस्थीने झाला. डिसेंबर 1784 मध्ये बादशहाने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांस दिले व महादजी त्यांचे नायब झाले. 1787 मध्ये लालसोटच्या मोहिमेत त्यांस माघार घ्यावी लागली. 1788 मध्ये गुलाम कादराने बादशहाचे डोळे काढले, तेव्हा महादजींच्या फौजांनी दिल्ली परत घेऊन त्या अंध वृद्धास पुन्हा तख्तावर बसविले. 1790 मध्ये पाटण आणि मेडता येथे त्यांचे मोठे विजय झाले.

अशा ऐश्वर्यात असताना ते स्वतःस काय म्हणवून घेत, हे पाहण्यासारखे आहे. मराठी पत्रव्यवहारात त्यांचा उल्लेख पाटीलबावा असा येतो, आणि हेच संबोधन त्यांस प्रिय होते. बादशाही किताब लांबलचक होते. पण ज्याने दिले त्यास ते परत घेता येत. सरंजामाचीही तीच गत, कारण तो धन्याच्या मर्जीवर. पाटीलकी हे मात्र वतन. ते बापाकडून मुलाकडे येते, आणि त्याची मुळे एका ठराविक गावाच्या मातीत असतात. उत्तरेत ज्याचे सर्व वैभव तलवारीच्या धारेवर उभे होते त्या पुरुषास आपले म्हणावे असे हे एकच पद वाटले असल्यास नवल नाही.

मथुरा हे त्यांचे आवडते वास्तव्याचे स्थान. श्रीकृष्णाच्या ठायी त्यांची उत्कट भक्ती होती, आणि त्या भक्तीतून त्यांनी पदे व अभंग रचिले. व्रजभूमीत राहून, यमुनेच्या काठी बसून हा सेनापती आपल्या देवाशी मराठीत बोलत असे. त्यांची गुरुभक्तीही दक्षिणेकडेच वळलेली होती. बीडचे मन्सूरशाह यांस त्यांनी गुरू मानले होते. पारनेरजवळील जामगाव येथे त्यांनी मोठा वाडा उभारला. तेथे सुखाने राहण्याचे दिवस त्यांच्या वाट्यास फारसे आले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

सुमारे बारा वर्षांच्या वियोगानंतर, जून 1792 मध्ये महादजी पुण्यास आले. बादशहाकडून आणलेली वस्त्रे आणि सनदा पेशव्यांस अर्पण करणे हे प्रकट निमित्त होते. तरुण सवाई माधवरावांच्या भेटीस गेले तेव्हा ते हत्तीवरून आधीच उतरले, वंशपरंपरेच्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले, आणि काखेतील गाठोड्यातून नवे जोडे काढून त्यांनी पेशव्यांच्या पायांपुढे ठेविले. आपल्या वडिलांची चाकरी हीच, अशा आशयाचे ते बोलले. हा प्रसंग ग्रांट डफ याने आपल्या इतिहासात दिला आहे.

काही इतिहासकारांस या नम्रतेत केवळ डावपेच दिसले. महादजी मुरब्बी राजकारणी होते, आणि नाना फडणिसांच्या दरबारात आपले आसन बळकट करण्याचा हेतू त्यांच्या मनात नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दुसरी एक बाजू आहे. बारा वर्षांनी घरी आलेल्या त्या मनुष्याकडे पुण्याने घरचा म्हणून पाहिले काय? त्यांच्याबरोबर आलेल्या हिंदुस्थानी फौजेची पुण्यात धास्ती होती. नानांस त्यांचा संशय येई. बादशाही वस्त्रांचा समारंभही अनेक सरदारांस रुचला नाही. उत्तरेत जे दक्षिणी ते दक्षिणेत उत्तरेचे ठरले. परगावी राहून परत येणाऱ्या प्रत्येकास थोड्याफार प्रमाणात हाच अनुभव येतो. आमच्यातील जे कोणी सुट्टीत मूळ गावी जाऊन आले असतील, आणि तेथील पारावर बसलेल्या मंडळींनी ज्यांस पाहुणे म्हणून चहा दिला असेल, त्यांस महादजींच्या मनाची अवस्था अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. अशा वेळी मनुष्य आपली ओळख पटविण्यासाठी बापाचे नाव सांगतो. महादजींनी बापाचे जोडे पुढे ठेविले.

पुण्यानजीक वानवडी येथे त्यांची छावणी होती. तेथेच 12 फेब्रुवारी 1794 रोजी त्यांचे देहावसान झाले, आणि अग्निसंस्कारही तेथेच झाला. ते दक्षिणेत परत आले खरे, पण अंत झाला तो छावणीत. वानवडीस त्यांनी शिवमंदिर बांधविले होते. पुढे त्यांच्या वंशजांनी तेथे त्यांची सुंदर छत्री उभारली, आणि ती आजही पाहावयास मिळते.

या कथेचा एक शेवटचा भाग सांगितल्यावाचून ती पुरी होत नाही. महादजींस पुत्र नव्हता. बंधू तुकोजींचे नातू दौलतराव गादीवर आले. 1803 च्या युद्धात इंग्रजांनी त्यांचा पराभव केला, आणि 30 डिसेंबर 1803 च्या सुर्जी अंजनगावच्या तहाने अहमदनगरचा किल्ला व अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील मुलूख गेला. परंतु त्याच तहात जामगाव, चांभारगोंदे आदी काही गावे शिंद्यांकडे राखून ठेविली गेली. दिल्ली आणि दुआब हातचे जात असता या मूठभर गावांसाठी तहात जागा केली गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाच वर्षांनी, 1808 मध्ये, याच दौलतरावांनी जोतिबाच्या डोंगरावर केदारेश्वराचे मंदिर बांधविले. राज्य आकसले, तथापि कुलस्वामीकडे जाणारी वाट या घराण्याने मोडू दिली नाही.

महादजी कण्हेरखेडास जाऊन राहिले नाहीत, आणि तसे राहणे त्यांस शक्यही नव्हते. त्यांचे कर्तृत्व उत्तरेत होते आणि ते त्यांनी तेथे मन लावून पार पाडले. मूळ गावाची ओढ म्हणजे जेथे आहो तेथून मन काढून घेणे नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून आम्ही शिकतो. गावाने त्यांस एक नाव दिले होते, आणि सर्व किताबांच्या वर त्यांनी ते नाव ठेविले.

आमच्या मंदिराच्या सभासद कुटुंबांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. ज्या घरी कोणी वडीलधारे हयात असतील त्यांनी त्यांस विचारून आपले मूळ गाव, तेथील ग्रामदैवत, कुलदैवत आणि त्याचा वार्षिक कुळाचार एका वहीत लिहून देवघरात ठेवावा. महादजींस कण्हेरखेड कोणी विसरू दिले नाही, कारण त्यांचे वडील ते सांगून गेले होते. आमच्या मुलांस ते कोणी सांगितलेच नाही, तर पुढच्या पिढीत मूळ गावाची विचारपूस होईल तेव्हा द्यावयास उत्तर उरणार नाही.